ठाण्यात न आणलेली सून

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता धूसर झाली आहेत. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळतात, गावांची अदलाबदल होते. ही घटना मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. पोलिसांनी काय काय केलं याच्या गोष्टी सगळेच सांगतात. या प्रकरणाचा उलगडा आम्ही एक गोष्ट केली नाही म्हणून झाला.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. हद्दीत साठावर गावं, शिवाय तांडे आणि आखाडे वेगळे. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातच बांधलेलं राहतं घर. कागदावर माणसं पुरेशी दिसायची. बंदोबस्त, समन्स, कोर्टाची कामं आणि रजा वजा केल्या की हाताशी उरायची ती एका जीपमध्ये मावतील एवढीच. त्यामुळे कुठल्या कामाला किती माणूस आणि किती वेळ लावायचा, याचा हिशेब मी रोज सकाळी डोक्यात करत असे.

त्या दिवसांत बेकायदा राहणाऱ्या परदेशी नागरिकांचा शोध घेण्याची मोहीम चालू होती. प्रत्येक ठाण्याने दर आठवड्याला आकडा कळवायचा होता. आमच्या ठाण्याचा आकडा शून्य होता. उपविभागीय अधिकाऱ्यांनी एकदा फोनवर विचारलं, की शेजारच्या ठाण्यांनी काही ना काही दाखवलंय, तुमचंच कसं कोरं? मी म्हणालो, "साहेब, शून्य हाही आकडाच आहे आणि तो खरा आहे." ते हसले, पण बारकाईनं बघा असं सांगून त्यांनी फोन ठेवला. साहेब भले होते. वरून त्यांनाही कुणी तरी विचारतच असणार.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका सकाळी माझ्या सरकारी मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारा पुरुष होता, भाषा इकडचीच. नाव सांगायला तो तयार नव्हता. त्याने चारठाणा या गावाच्या बाजूचं एक खेडं सांगितलं, गावाबाहेरचा एक आखाडा सांगितला, तिथल्या तरुण शेतकऱ्याचं नाव सांगितलं. या शेतकऱ्याची बायको बंगालची म्हणून आणलेली आहे, खरी बांगलादेशी आहे, असं त्याचं म्हणणं. शेवटी तो म्हणाला, "इचारून बगा सायेब. एक कागद दाखवायची न्हाई ती."

फोन बंद झाला. मी वेळ आणि नंबर लिहून घेतला, ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितलं आणि गोपनीय शाखेच्या हवालदाराला बोलावलं. हा हवालदार पंधरा वर्षं याच भागात फिरलेला होता. कुठल्या गावात कुणाची बैलजोडी बदलली तेही त्याला ठाऊक असे. तो म्हणाला की गोष्ट खोटी नाही, बंगालकडची सून त्या घरात आहे. घर लिंगायत, विधवा आई आणि एकुलता मुलगा, जमीन थोडी. मुलाला इकडे मुलगी मिळेना. अलीकडे गावोगावी हेच चाललंय. नोकरीवाला जावई सगळ्यांना हवा, शेतकरी कुणालाच नको. मग मध्यस्थ गाठून लांबच्या राज्यातून मुलगी आणतात. या जोडप्याला आता एक लहान लेकरूही होतं.

"मंग काय सायेब," हवालदार म्हणाला, "जीप काढू का? आणून बसवू. खरी असंल तर घरचे कागद घिऊन पळत येतील."

"आणि नाही आले तर?"

"मंग हायच की बांगलादेशी."

"तुमच्या मंडळींचं माहेर कुठलं, हवालदार?"

तो जरा गोंधळला. "निजामाबादकडचं. तुमाला म्हाईत हाय की."

"घरात तेलुगू बोलतात ना? उद्या जिंतूरच्या बसस्थानकावर कुणी त्यांना भाषेवरून अडवलं आणि कागद दाखवा म्हटलं, तर जवळ असेल काही?"

"कागद नसंल," तो म्हणाला, "पण अडीवणाऱ्याचं काय खरं न्हाई. तोंड लय तिखट हाय तिचं."

आम्ही दोघेही हसलो. पण मुद्दा त्याला पटला होता असं मला वाटत नाही. तो चांगला पोलीस होता आणि पंधरा वर्षं त्याने हेच पाहिलं होतं, की आधी आणून बसवायचं आणि मग विचारायचं.

वाचकांसाठी इथे दोन गोष्टी साध्या शब्दांत सांगतो. परदेशी नागरिकांच्या कायद्यात, मी परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसावर असतं, हे खरं आहे. पण तो प्रश्न विचारण्याआधी पोलिसाच्या हातात संशयाला काही तरी आधार लागतो. न्यायालयांनीही हे स्पष्ट केलेलं आहे. चेहरा, पेहराव, बोली किंवा एक निनावी फोन हा आधार होत नाही. राज्यघटनेचं एकविसावं कलम नागरिकांपुरतं नाही, कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. बाविसावं कलम सांगतं, की अटक केली तर कारण सांगा, वकील घेऊ द्या आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करा. "चौकशीसाठी आणून बसवलंय" या प्रकाराला घटनेत जागा नाही. त्यात स्त्री असेल तर तिला विचारपूस करायला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे आपण जायचं असतं. यातलं काहीही नवीन नाही. प्रशिक्षणात सगळ्यांना शिकवलेलं असतं.

दुसरं म्हणजे त्या फोनमधलं शेवटचं वाक्य मला खटकलं होतं. माझ्या स्वतःच्या बायकोचं आधार कार्ड घरात कुठल्या डब्यात आहे, हे मला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. फोनवरच्या या भल्या माणसाला आखाड्यावरच्या सुनेजवळ एकही कागद नाही, हे इतकं ठाम कसं माहीत?

तेव्हा मी ठरवलं की जायचं, पण विचारायला जायचं, आणायला नाही. आमच्या महिला हवालदार अनुभवी होत्या. त्यांना मी सकाळच्या एसटीने पुढे पाठवलं, वर्दीत नाही, साध्या साडीत. त्या गावात उतरल्या, पोलीस पाटलाच्या पत्नीला सोबत घेतलं आणि पायवाटेने आखाड्यावर गेल्या. लेकुरवाळ्या बाईच्या दारात एकदम वर्दीची माणसं उतरली की ती निम्मं बोलणं गिळून टाकते. तासाभराने मी बीट अंमलदाराला घेऊन जीपने पोहोचलो.

आखाडा लहान, पण नीट सारवलेला होता. पत्र्याखाली कापसाचा ढीग होता. म्हातारी सासू गळ्यातलं लिंग सावरत पुढे आली, तिने "शरणार्थ" म्हणत हात जोडले आणि बाज टाकायला मुलाला सांगितलं. पाणी दिलं. मग सरळ विचारलं, "कशापायी आलाव सायेब? आमच्या हातून काय झालंय का?"

मी काहीही न लपवता सांगितलं, की तुमच्या सुनेबद्दल आमच्याकडे तक्रार आली आहे, ती आपल्या देशाची नाही असं कुणी तरी म्हणतंय, म्हणून चार प्रश्न विचारायचे आहेत. मुलाचा चेहरा उतरला. तो घरात जाऊन लग्नाचे फोटो घेऊन आला, लेकराचं जन्माचं प्रमाणपत्र घेऊन आला. बायकोचं मात्र काही नव्हतं. रेशनकार्डात तिचं नाव चढवायलाही आधार लागत होतं आणि ते माहेरी राहिलंय असं त्याला सांगण्यात आलं होतं.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. लेकरू कडेवर. वय बावीस-तेवीस असेल. मी विचारलं त्याची उत्तरं तिने दिली. गाव मालदा जिल्ह्यातलं, बापाचं नाव हे, शाळा ही, सातवीपर्यंत. मराठी ती सासूकडून शिकलेली, त्यामुळे शब्द आपल्या आखाड्यावरचे आणि हेल भलताच, ऐकायला गंमत वाटावी असा. पण आधार कुठं आहे, माहेरून कुणी पाठवलं का नाही, इकडं कुणी आणलं, हे विचारल्याबरोबर तिने सासूकडे पाहिलं आणि तिचं तोंड बंद झालं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. लेकराला घट्ट धरून ती जमिनीकडे बघत राहिली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी माझाही संशय वाढला. बीट अंमलदार माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, की आता तर न्यायला हरकत नाही. मी त्याला थांबवलं. तिने गाव, बाप आणि शाळा सांगितली होती. मालद्याच्या पोलिसांना विचारून त्या तिन्ही गोष्टी तपासता येत होत्या. तपासता येण्यासारखं हातात असताना माणूसच उचलायचा, याला तपास म्हणत नाहीत.

नवऱ्याने विचारलं, "नेता का सायेब हिला?"

"आज नाही."

"आन् उद्या?"

"नेण्यासारखं काही हाती लागलं तर तुमच्यासमोर, कारण सांगून नेऊ. लपून नेणार नाही."

म्हातारी बाजेजवळ आली. ती म्हणाली, "नेलं तर लेकरू कुठं ठिवायचं ते बी सांगा. माज्या अंगावर दूध न्हाई."

 जबाब लिहून, वाचून दाखवून आम्ही निघालो. महिला हवालदार येताना आमच्याबरोबर जीपमध्ये मागे बसल्या. रस्ता कच्चा आणि धूळ भरपूर, म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून ओढून तोंडापुढे धरला होता. फाट्यावरून डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ती खोटं बोलत नाही. ती सासूसमोर बोलत नाहीये. दोन्हीत फरक आहे."

त्याच दुपारी मी मालद्याच्या पोलीस अधीक्षकांना पडताळणीसाठी पत्र पाठवलं आणि फोन आलेल्या नंबरचे तपशील मागवण्यासाठी वरिष्ठांकडे अर्ज केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती. मी माझ्या खोलीत होतो. बाहेर ठाणे अंमलदारासमोर दोन माणसं येऊन उभी राहिली. एक काळा कोट घातलेला वकील, दुसरा पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात चामड्याची बॅग. पांढऱ्या शर्टवाला हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला, की काल आमच्या भाचीला तुम्ही आखाड्यावरून आणलंय, तिला सोडवायला आलोय. नाव सांगितलं. नाव त्या सुनेचं होतं.

ठाणे अंमलदार "कोणती भाची?" असं म्हणणार, इतक्यात मी खोलीतून हाक मारली आणि दोघांना आत पाठवायला सांगितलं. चहा मागवला. नोकरीत मला एक समजलं होतं, की समोरच्याला काही तरी चुकीचं ठाऊक असेल तर ते लगेच दुरुस्त करायची घाई करू नये. त्याला बोलू द्यावं.

तो बोलू लागला. मी तिचा सख्खा मामा, बापाने मला पाठवलंय, गरीब लोक आहेत, नवऱ्याला अक्कल नाही. मग त्याने बॅग उघडली आणि एकेक कागद माझ्या टेबलावर मांडला. तिचं आधार कार्ड, मूळ. जन्माचा दाखला, मूळ. शाळा सोडल्याचा दाखला, मूळ. बापाच्या मतदार ओळखपत्राची प्रत. शेवटी एक टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, त्यावर लिहिलेलं की भाचीला मी माझ्या जबाबदारीवर ताब्यात घेऊन माहेरी पोहोचवतो.

"पक्की भारतीय आहे साहेब," तो म्हणाला. "तुमचा काही गैरसमज झाला असेल. लिहून घ्या, आम्ही तिला घेऊन जातो. तुमचाही ताप मिटला."

"मिटेल," मी म्हणालो. "तिला आम्ही आणलंय हे तुम्हाला कुणी कळवलं?"

"तिच्या नवऱ्यानंच. रात्री फोन केला, रडत होता."

मी माझा मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नवऱ्याचा नंबर लावला. काल जबाबात घेतलेलाच होता. विचारलं, तुमच्या बायकोचे मामा ठाण्यात आलेत, तुम्ही त्यांना रात्री फोन केला होता का?

पलीकडे वारा वाहत होता. तो म्हणाला, "कोण मामा? म्या कुणाला फोन केला न्हाई सायेब. अन् कशाला करू? ती हितंच हाय की, माज्या म्होरल्या सरीत कापूस येचायलीय."

 सर्वांत आधी हालचाल केली ती वकिलाने. त्याने चहाचा कप खाली ठेवला, खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाला, "साहेब, माझा संबंध फक्त प्रतिज्ञापत्रापुरता. हे गृहस्थ मला आज सकाळीच भेटले."

पांढऱ्या शर्टवाल्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो कोठडीच्या दिशेने बघत होता, जणू ती तिथे असलीच पाहिजे. मग तो अगदी खरोखरीच्या आश्चर्याने म्हणाला, "तुम्ही तिला आणलीच नाही? सगळे आणतात."

तो हे वाक्य बोलून गेला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो.

आता त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. गोपनीय शाखेचा हवालदार दारात येऊन उभा राहिला, त्याचे हात शिवशिवत होते. पण जो नियम सुनेला लागू होता, तोच या माणसालाही लागू होता. तेवढ्यावर त्याला आत टाकता येत नव्हतं. मी त्याला सांगितलं, की तुम्हाला अटक केलेली नाही, जायचं तर जाऊ शकता. मात्र एका विवाहित स्त्रीचे मूळ कागद तिच्याजवळ नसून तुमच्याजवळ का आहेत, याचा खुलासा होईपर्यंत हे कागद आम्ही पंचांसमक्ष जप्त करतोय. वकील उठून निघून गेला. हा मात्र कागदांसाठी बसून राहिला. ते सोडून जायची त्याची तयारी नव्हती.

दरम्यान त्या फोन नंबरचे तपशील आले. नंबर कुणाच्या नावावर आहे ते महत्त्वाचं नव्हतं, तो कुठे आणि कुणाशी बोलला ते महत्त्वाचं होतं. काल आमची जीप फाट्यावरून परतली, त्यानंतर काही मिनिटांतच फाट्याच्याच परिसरातून त्या नंबरवरून पांढऱ्या शर्टवाल्याला फोन गेला होता. हवालदाराने फाट्यावरच्या हॉटेलात जाऊन विचारलं, की काल दुपारी इथे बराच वेळ कोण बसलं होतं. नाव मिळालं. तो जवळच्याच गावचा, लग्नं जमवणारा मध्यस्थ होता आणि या घरातलं लग्नही त्यानेच जमवलेलं.

मध्यस्थ समोर येताच ढासळला. त्याने सांगितलं, की जीप आखाड्याकडे गेलेली पाहिली, परत आली तेव्हा मागे साडीतली बाई तोंड झाकून बसलेली पाहिली. पोलिसाच्या जीपमध्ये तोंड झाकलेली बाई दिसल्यावर दुसरं काय समजायचं? त्याने लगेच कळवलं, की नेली. आखाड्यावर जाऊन खात्री करायची त्याला गरजच वाटली नाही. आमच्या महिला हवालदारांनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तेहतीस किलोमीटर धूळ खाल्ली, त्याचं चीज झालं म्हणायचं."

पण एवढ्याने गुन्हा उभा राहत नव्हता. गुन्हा उभा राहायचा तर सुनेने बोलायला हवं होतं. मी महिला हवालदारांना पुन्हा पाठवलं, यावेळीही साडीत. त्या सरळ कापसाच्या रानात गेल्या आणि तिच्या शेजारच्या सरीत वेचायला लागल्या. थोड्या वेळाने मोबाईलमध्ये त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा फोटो दाखवला. तिचे हात थांबले. तिने पहिलं विचारलं ते हे, "आईला सांगाल का?" आई म्हणजे सासू.

मग ती बोलली. हा माणूस तिचा कुणी नव्हता. तिच्या गावाकडच्या गरीब घरांतून तो मुली आणायचा. आधी काम देतो म्हणायचा, मग लग्न लावून द्यायचा. लग्नाला महिना झाला की मुलीने बाजारच्या दिवशी अंगावरच्या दागिन्यांसह ठरलेल्या जागी यायचं. पुढे दुसरा जिल्हा, दुसरं घर, दुसरा नवरा. मुलीचे कागद कायम याच्याजवळ. तिलाही तसंच सांगून आणलं होतं. ठरलेला बाजारचा दिवस आला तेव्हा ती गेली नाही. निरोप आले, धमक्या आल्या, तरी ती गेली नाही. ती मोकळी राहिली तर बाकीच्या मुलींची नावं आणि घरं कधी तरी बोलून दाखवील, ही त्याला भीती. आखाड्यावरून ओढून नेण्याची हिंमत त्याला होत नव्हती. पुढचं आम्हाला मध्यस्थाच्या जबाबातून कळलं. मोहीम सुरू झाल्याचं त्या माणसाने ऐकलं आणि हे काम पोलिसांकडून करून घ्यायचं ठरवलं. तिला बांगलादेशी ठरवायची तक्रार त्याने मध्यस्थाकडून करवायची, पोलिसांनी उचलून आणायचं, आणि भारतीय असल्याचे कागद घेऊन त्यानेच मामा म्हणून सोडवायला यायचं. पोलीसही सुटकेचा निःश्वास टाकून ती त्याच्या हवाली करतील. त्याच्या योजनेत आमचं एक काम त्याने गृहीत धरलेलं होतं आणि तेवढंच आमच्याकडून झालं नाही.

तू का गेली नाहीस, असं महिला हवालदारांनी तिला विचारलं. त्यांनी ते उत्तर जबाबात जसंच्या तसं घेतलं आहे. "लग्नानंतर सासूनं जंगम गुरूला बोलवून माज्या गळ्यात लिंग बांधलं. मला म्हणली, हे मरेपर्यंत काढायचं नसतंय. मंग म्या कशी जाऊ?"

महिला हवालदार तिला म्हणाल्या, की हे तुझ्या सासूला कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. तिच्या दृष्टीने सगळं त्या एका सांगण्यावर होतं. घर, नवरा, लेकरू. तिने रानातच सासूला आणि नवऱ्याला सांगितलं, थांबत थांबत. मी तोवर तिथे पोहोचलो होतो. नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि तो बांधावर जाऊन बसला. म्हातारी वेचलेल्या कापसाचं गाठोडं बांधत होती. तिने गाठ पूर्ण मारली, ओढून पाहिली.

"हिला कशाला आणली व्हती ते त्येनला म्हाईत," ती म्हणाली. "ऱ्हायली कशाला ते मला म्हाईत हाय. सायेब, कुठं अंगठा द्यायचा ते सांगा."

गुन्हा दाखल झाला. मध्यस्थाला आणि पांढऱ्या शर्टवाल्याला अटकेचं कारण लेखी देऊन, मुदतीच्या आत न्यायालयापुढे हजर केलं. पांढऱ्या शर्टवाल्याच्या नव्या वकिलाने अटक बेकायदा असल्याचा मुद्दा काढला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी आमची स्टेशन डायरी आणि पंचनामा वाचला आणि मुद्दा फेटाळला. कोठडीत त्याने दोन जिल्ह्यांतली आणखी घरं सांगितली. त्यातल्या एका घरातून एक मुलगी, तिला जायचं होतं म्हणून, तिच्या आईबापाकडे सुखरूप पोहोचवता आली.

मोहिमेच्या रकान्यात त्या आठवड्यालाही मी शून्यच लिहिला. उपविभागीय अधिकाऱ्यांनी यावेळी काही विचारलं नाही.

माझे काही सहकारी अजूनही म्हणतात, की घटनेतली ही कलमं पोलिसाचे हात बांधतात. मी त्यांना हे प्रकरण सांगतो. त्या दिवशी आम्ही बाईला उचलून आणलं असतं, तर पांढऱ्या शर्टवाला कागद दाखवून तिला घेऊन गेला असता, आम्ही त्याचे आभार मानले असते, आणि लेकरू आखाड्यावर राहिलं असतं. आम्ही चूक केली हे आम्हाला कधी कळलंही नसतं. पोलिसाच्या वाईट सवयी गुन्हेगाराला पोलिसाइतक्याच पाठ असतात आणि त्यांच्या भरवशावर तो आपलं काम आखतो. कायद्याने चालणारा पोलीस त्याला आधी ओळखता येत नाही. यात मला कसलाही मोठेपणा दिसत नाही. तो तपासाचा साधा व्यवहार आहे आणि माझ्या अनुभवात तो फायद्याचा ठरला.

मालद्याहून पडताळणीचं उत्तर यायला वेळ लागला. गाव खरं, बाप खरा, शाळा खरी. न्यायालयाच्या परवानगीने तिचे मूळ कागद सोडवून घेतले आणि मी स्वतः आखाड्यावर नेऊन तिच्या हातात दिले. लेकरू आता अंगणात चालत होतं. तिने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं, त्यावरचा स्वतःचा जुना फोटो बघून जरा हसली. मग विचारलं, "आता मला कुणी इचारनार न्हाई ना?"

खोटा दिलासा देण्याची मला सवय नाही. मी म्हणालो, "विचारतील. तुझ्या बोलण्यावरून कधी तरी कुणी तरी विचारेलच. कागद दाखव, घाबरू नकोस. पण दाखवण्याआधी तू त्याला विचारायचं, माझ्यावर संशय कशावरून? ते सांगणं त्याला भाग आहे."

तिने तो प्रश्न मनाशी म्हणून पाहिला. मग म्हातारीने मला विचारलं, "सायेबालाच इचारायचं?"

"सगळ्यात आधी सायेबालाच," मी म्हणालो.